डब्याच्या भावात तुमचे साडेपाच तास कुठे आहेत?

ताई, सप्रेम नमस्कार.

मी नाशिकला सिडकोत राहते. वय ४१. मुलगी यंदा दहावीला, मुलगा सातवीत. यांची अंबडची कंपनी बंद झाली. आता दुसरीकडे कंत्राटावर सेकंड शिफ्टला जातात, पगार आधीच्या निम्म्यावर आलाय. माझ्या हाताला चव आहे असं सगळे म्हणतात. भिशी असो, डोहाळेजेवण असो, स्वयंपाकाला मलाच पुढे करतात. म्हणून घरून डबे सुरू करायचं मनात आहे. ओळखीतले वीसेक जण तयार आहेत. काही कंपनीतले, काही खोली घेऊन राहणारी मुलं आणि दोन घरी एकटे राहणारे आजी-आजोबा. पलीकडच्या गल्लीतल्या एक बाई ६० रुपयांना डबा देतात, म्हणून मीही ६० च ठरवलाय. भाऊ म्हणतो, डबे कसले करतेस, झोमॅटो-स्विगीवर जा, पंचवीस पदार्थांचं मेन्यूकार्ड कर. त्यासाठी पाटल्या गहाण ठेवून दोन लाख उचलायचे आणि सोसायटीच्या खालचा गाळा भाड्याने घ्यायचा, असं घरात बोलणं चाललंय. सासूबाईंना यातलं काहीच पसंत नाही. ‘आपल्यात अन्न विकायची रीत नाही’ म्हणतात. मी सुरुवात कुठून करू?

– एक वाचक, नाशिक

सस्नेह नमस्कार.

पाटल्या कपाटातच राहू द्या. गाळा, कर्ज आणि पंचवीस पदार्थ यांच्याबद्दल पुढे लिहिते, पण आधी त्या ६० रुपयांकडे बघू. तुमचा धंदा सहा महिन्यांनी चालू असेल की नाही, ते या आकड्यावर ठरणार आहे.

तुमचा डबा म्हणजे चार पोळ्या, एक सुकी भाजी, आमटी किंवा वरण, भात आणि बाजूला कोशिंबीर नाहीतर लोणचं, असं मी धरते. वीस डब्यांच्या हिशेबाने एका डब्याला लागणारं सामान मांडू. चार पोळ्यांना साधारण १२० ग्रॅम कणीक, तिचे ५ रुपये. पोळीला लावायचं आणि दोन्ही फोडण्यांचं मिळून तेल ४ रुपये. दीडशे ग्रॅम भाजी, निवडण्याआधीच्या वजनाने, ११ रुपये. डाळ ४, तांदूळ ४. गोडा मसाला, दाण्याचं कूट, कोथिंबीर, मीठ, गूळ मिळून ४. कोशिंबीर-लोणच्याचे ४. झाले ३६. गॅसचे ५ आणि वीज, पाणी, साबण, घासणी यांचे ३ मिळवले की ४४. डबा पोहोचवायला पेट्रोल, गाडीची झीज आणि नेणाऱ्याचा वेळ धरून १२ रुपये. एकूण ५६. हे आकडे मी अंदाजाने धरले आहेत. तुम्ही तुमच्या किराणा दुकानातले आणि भाजीबाजारातले भाव घालून हाच हिशेब पुन्हा करा. दोन-चार रुपये इकडेतिकडे होतील, चित्र बदलणार नाही.

६० मधून ५६ गेले की उरले ४. वीस डब्यांचे दिवसाला ८० रुपये. त्यातही एखादा डबा रोज जास्तीचा होतो किंवा परत येतो, की ८० मधले ४४ गेले. समजा काहीच वाया गेलं नाही, तरी महिन्याचे २६ दिवस धरून २,०८० रुपये. आता तुमचा वेळ बघा. भाजी आणणं, निवडणं, चिरणं, ऐंशी पोळ्या लाटणं-भाजणं, भरणं, परत आलेले डबे घासणं, ओटा आवरणं. साडेपाच तासांच्या आत हे होत नाही. महिन्याचे १४३ तास. म्हणजे तासाला पंधरा रुपयेसुद्धा पडत नाहीत. कुणाच्या घरी पोळ्या करायला जाणारी बाई याच्या कितीतरी पट कमावते, आणि तिला डाळ-तेल स्वतःच्या पैशाने आणावं लागत नाही.

तुमच्या हिशेबाच्या वहीत कणकेचा भाव असेल, तेलाचा असेल, पण तुमच्या कष्टाचा रकाना नसेल, अशी माझी जवळजवळ खात्री आहे. घरच्या स्वयंपाकाचे पैसे कधी कुणी मोजलेले नसतात, त्यामुळे विकायच्या स्वयंपाकाचेही मोजायचे राहून जातात. पहिले दोन महिने हुरुपात जातात. मग पाठ धरते, मनगटं दुखतात, हातात काही उरत नाही आणि ‘आपल्याला धंदा जमत नाही’ असं वाटून चांगल्या सुगरणी घरी बसतात. हे मी फार घरांत पाहिलं आहे, आणि दर वेळी जीव हळहळतो, कारण त्यांच्या स्वयंपाकात काहीच खोट नसते.

म्हणून भाव ८५ ठेवा. त्यात डब्यामागे २९ रुपये उरतात. वीस डब्यांचे दिवसाला ५८० आणि महिन्याला १५,०८०. तासाचे सव्वाशेही नाहीत, शंभरच्या जरा वर पडतात. हा भाव जास्त तर नाहीच, पण यात तुम्ही टिकाल. पलीकडच्या बाई ६० ला कशा देतात, हा प्रश्न तुम्हाला छळेल. त्यांच्या डब्यात कदाचित भात नसेल, पोळ्या तीन असतील, लोक घरी येऊन नेत असतील, किंवा त्याही स्वतःचा वेळ मोजत नसतील. त्यांच्याशी स्पर्धा करू नका आणि त्यांच्याबद्दल गिऱ्हाइकाजवळ वावगं बोलू नका. तुमच्या वीसपैकी पाच-सहा जण ८५ ऐकून मागे जातील. जाऊ द्या. ज्याला ८५ खरंच जड आहे, त्याच्यासाठी भाताशिवाय तीन पोळ्यांचा डबा ७० ला ठेवा. पण पूर्ण डबा कमी पैशात देऊ नका, भावाच्या मैत्रिणीलाही नाही आणि चुलत जावेलाही नाही. एकदा एकाला कमी भाव लावलात की आठवड्याभरात सगळ्यांना कळतं.

पैसे मात्र आधी घ्यायचे. या बाबतीत तुम्हाला मुंबईच्या गिरणगावातल्या खाणावळवाल्यांची गोष्ट सांगायला हवी. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले गिरणी कामगार लालबाग-परळच्या चाळींमधल्या बायकांकडे जेवायचे. दहा बाय दहाच्या खोलीत या बाया पंधरा-पंधरा, वीस-वीस माणसांना दोन वेळचं जेवू घालायच्या. कामगार पैसे देणार पगार झाल्यावर, तोपर्यंत किराणा उधारीवर. दुकानदार उधारीला भाव चढा लावायचा, सावकार व्याज लावायचा. बाई वर्षानुवर्षं राबायची आणि कर्जातच राहायची. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि राष्ट्रीयीकृत बँकांकडून त्यांना थोडंथोडं कर्ज मिळवून दिलं. त्या उधारीच्या फासातून सुटल्यावर कित्येकींचे संसार उभे राहिले. त्यांच्या चवीला किंवा मेहनतीला कुणी नावं ठेवली नव्हती. सामानाचे पैसे आज जाणार आणि जेवणाचे महिन्याने येणार, या मधल्या महिनाभरात त्या मरत होत्या. तुमच्यावर ती पाळी यायचं कारण नाही. एक तारखेला २६ डब्यांचे २,२१० रुपये, आणि मग डबा सुरू. नवं गिऱ्हाईक बिचकत असेल तर आठवड्याचे पैसे घ्या, पण ‘महिनाअखेर देतो’ याला हसून नकार द्या. खोली घेऊन राहणारी मुलं वाईट नसतात, पण परीक्षा संपली की एका रात्रीत खोली सोडतात, आणि मागचे पैसे तुम्ही कुणाकडे मागणार?

त्याच वेळी रजेचा नियम सांगून टाका. उद्या डबा नको असेल तर आज रात्री आठच्या आत कळवायचं, तो डबा पुढे जमा होईल, महिन्यात चारपर्यंत. आठनंतर कळवलं तर पैसे धरले जातील, कारण भाजी आणून झालेली असते. हे तोंडी सांगू नका. एका कागदावर भाव, रजेचा नियम, डबा मिळण्याची वेळ आणि दर सहा महिन्यांनी भाव पाहिला जाईल ही ओळ लिहून त्याचा फोटो सगळ्यांना व्हॉट्सॲपवर पाठवा. पुढे भाव वाढवताना तोंड लपवावं लागत नाही.

आता भावाच्या सल्ल्याबद्दल. ॲपवरच्या १२० रुपयांच्या थाळीचा हिशेब करू. बिलाचा पाव हिस्सा, म्हणजे ३० रुपये कमिशन धरा, त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटीचे सव्वापाच-साडेपाच, पॅकिंगच्या डब्या-पिशवीचे १०. राहिले ७५ च्या आसपास. त्यातून सामान-गॅसचे ४४ गेले की तीसेक उरतात. डब्याइतकेच. मग फरक कुठे पडतो? डब्यात तुम्हाला रात्री आठ वाजता उद्याचा आकडा माहीत असतो. वीस म्हणजे वीसच माणसांची भाजी आणायची. ॲपवर आज तीन ऑर्डरी येतील नाहीतर तेवीस, हे कुणालाच माहीत नसतं. पंचवीस पदार्थांची तयारी फ्रीजमध्ये करून सकाळी अकरापासून रात्री अकरापर्यंत फोनकडे बघत बसायचं. वर दिसायला जाहिरातीचे पैसे आणि सवलती, त्याही बहुतेक तुमच्याच खिशातून. दहावीतली मुलगी घरात असताना ही चाकरी नको. भाऊ तुमच्या भल्याचंच सांगतोय, पण त्याच्या डोळ्यांपुढे हॉटेल आहे आणि तुमचं बळ रोजच्या जेवणात आहे.

शिवाय ज्या चवीची सगळे तारीफ करतात, तिला खरे पैसे मिळतात ते सणाला. होळीच्या पुरणपोळ्या, गणपतीतले उकडीचे मोदक, दिवाळीचा फराळ. आठ दिवस आधी ऑर्डर, निम्मे पैसे आगाऊ, आणि नगावर भाव. अशा चार सणांत जे उरतं ते रोजच्या डब्याच्या चांगल्या महिन्याला भारी पडू शकतं. रोजचे वीस डबेवालेच तिथे तुमचे पहिले गिऱ्हाईक असतील.

कर्ज आणि गाळा यांची आता काहीच गरज दिसत नाही. तुम्हाला लागणार काय? तीन कप्प्यांचे स्टीलचे डबे, माणशी दोन, कारण एक गिऱ्हाइकाकडे असताना दुसरा तुमच्या ओट्यावर हवा. चाळीस डब्यांचे साडेतीनशेप्रमाणे १४,००० होतील. प्रत्येकाकडून ५०० रुपये अनामत घेतलीत की १०,००० तिथूनच आले. मात्र ती अनामत वेगळी काढून ठेवा, ती परत द्यायची असते, नफा नव्हे. प्लॅस्टिकच्या पातळ डब्या-पिशव्यांच्या भानगडीत तर पडूच नका. रोजचा खर्च वाढतो, आमटी गळते आणि महाराष्ट्रात २०१८ पासून पिशव्या आणि एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकवर बंदी आहे, दंडाची टांगती तलवार राहते. एक मोठी परात, दुसरा तवा, दहा लिटरचा कुकर, एक वजनकाटा. वजनकाटा मी आवर्जून सांगते आहे. पहिले पंधरा दिवस कणीक, डाळ, तांदूळ, तेल सगळं मोजून घ्या आणि लिहा. अंदाजाने घालणारा हात घरी आठ माणसांना पुरतो, वीस डब्यांत तोच हात रोज बरंच तेल जास्त घालतो आणि कळतही नाही.

गॅसचं मात्र नीट करा. घरगुती १४.२ किलोचं सिलिंडर धंद्याला वापरायला कायद्याने परवानगी नाही. व्यावसायिक १९ किलोचं घ्यावं लागतं. वीस डब्यांना ते साधारण तीन आठवडे चालावं. दोन्ही शेगड्यांवर तवा आणि डाळ-भात इंडक्शनवर, असं केलंत तर सकाळची घाईही कमी होते.

अन्नाची नोंदणी हा दुसरा कागद. लहान, घरगुती व्यावसायिकाला अन्न सुरक्षा प्राधिकरणाची साधी नोंदणी पुरते, मोठ्या हॉटेलसारखा परवाना लागत नाही. फॉसकॉस या सरकारी संकेतस्थळावर फोटो, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा देऊन अर्ज होतो, फी किरकोळ असते आणि चौदा आकडी क्रमांक मिळतो. तो तुमच्या डब्याच्या दराच्या कागदावर छापा. एजंट हजारो रुपये सांगेल. दहावीतल्या लेकीला शेजारी बसवून संध्याकाळी अर्ज भरा, ती तुमच्यापेक्षा लवकर भरेल. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंद, तीही फुकट आहे, तिचेही पैसे कुणाला देऊ नका. वर्षाची उलाढाल तुमची पाच-सव्वापाच लाखांची होईल, जीएसटीची चिंता तिथे नाही. पुढे कधी खरंच भांडवल लागलं तर मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५०,००० पर्यंत तारणाशिवाय कर्ज मिळतं. दागिने गहाण ठेवून उभा केलेला गाळा मात्र पहिल्या दिवसापासून भाडं मागतो, गिऱ्हाईक असो की नसो.

सोसायटीच्या कमिटीला आधी जाऊन सांगा. कुणी तक्रार केल्यावर सांगण्यात आणि आधी सांगण्यात फार अंतर आहे. कचरा रोज बांधून खाली नेईन, डबे लिफ्टसमोर ठेवणार नाही, हे स्वतःहून बोला.

आता जेवणाकडे येते. घरच्या डब्याला माणूस चमचमीत खायला येत नाही. त्याला रोज सोसेल असं, वेळेवर आणि गरम हवं असतं. सात दिवसांचा फेरा ठरवून घ्या. दोन दिवस पालेभाजी, दोन दिवस फळभाजी, म्हणजे वांगी, गिलके, दोडके, कोबी जे स्वस्त असेल ते. एक दिवस मटकी किंवा चवळीची उसळ, एक दिवस पिठलं किंवा झुणका, एक दिवस बटाटा. पिठल्याचा आणि बटाट्याचा दिवस आठवड्याचा खर्च सावरतो, म्हणून भाजी महाग असते तेव्हा ते दोन्ही बाजूबाजूला आणू नका, लोक ओळखतात. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो शंभरीच्या पार गेले होते, तेव्हा ज्यांची सगळी ग्रेव्ही टोमॅटोवर होती त्यांचे हाल झाले. आपल्या आमटीला आमसूल आहे, चिंच-गूळ आहे. टोमॅटोवाचून अडणारा एकही पदार्थ रोजच्या फेऱ्यात ठेवू नका.

उपास विसरू नका. चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र. त्या दिवशी डबे निम्म्यावर येतात. आदल्या दिवशी विचारा, चार-पाच जण असतील तर भगर-आमटी करा, एखाद्यासाठी वेगळं काही करत बसू नका. तसंच कांदा-लसूण नको, तिखट कमी, पोळी जाड, या प्रत्येकाच्या मागण्या पहिले तीन महिने स्वीकारू नका. एकच प्रश्न मात्र प्रत्येकाला विचाराच: शेंगदाण्याची किंवा कशाची ॲलर्जी आहे का? आपल्याकडे कूट कशात नसतं?

आणि जपायचं ते भाताला. शिजलेला भात कोमट राहिला की त्यात तग धरून राहिलेले जंतू वाढतात, आणि त्यांनी केलेलं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून भात शेवटी लावायचा, वाफाळता भरायचा आणि दोन तासांच्या आत माणसाच्या ताटात पोहोचवायचा. डब्यातलं अन्न ६० अंशांच्या वर राहिलं पाहिजे. साधा स्वयंपाकाचा थर्मामीटर आणून आठवडाभर मोजलंत की हाताला अंदाज येईल. एप्रिल-मेमध्ये ओल्या नारळाची चटणी, दह्यातली कोशिंबीर डब्यात नको, त्याऐवजी काकडीच्या फोडी किंवा सुकी चटणी द्या. कालची भाजी आज कुणालाही नाही. उरली तर घरच्यांनी कालच संपवायची. तळणाचं तेल दुसऱ्या दिवशीच्या फोडणीला नको. पोळ्या वर्तमानपत्रात गुंडाळू नका, छपाईची शाई अन्नात उतरते. सुती फडकी शिवून घ्या, रोज उकळत्या पाण्यातून काढा. तुम्हाला ताप किंवा जुलाब असतील त्या दिवशी डबे बंद, सगळ्यांना सकाळी सहालाच निरोप. एका दिवसाचे पैसे बुडाल्याने कुणी मरत नाही.

पोहोचवायची जबाबदारी यजमान घेतील असं वाटतंय. ते रात्री उशिरा शिफ्टवरून येतात, त्यामुळे त्यांना सकाळी सहाला भाजी आणायला उठवू नका, झोप पुरी होऊ द्या. अकरा ते साडेबारा हा दीड तास त्यांचा. गिऱ्हाईक एकाच वाटेवरची घ्या, सिडको, पाथर्डी फाटा, अंबड. कॉलेज रोडवरून कुणी दोन डबे मागितले तर तेवढ्यासाठी शहर ओलांडू नका. कंपनीतल्यांची जेवणाची सुट्टी कधी असते आणि डबा गेटवर कुठे ठेवू देतात हे आधी एकदा जाऊन विचारून यावं लागेल, प्रत्येक गेटचा रिवाज वेगळा असतो. पहिल्या पाळीचं जेवण लवकर होतं, तो डबा साडेदहालाच निघायला हवा, म्हणून त्या डब्यांना फेरीत आधी घ्या किंवा सुरुवातीला घेऊच नका.

त्या दोन घरच्या आजी-आजोबांबद्दल माझी एक कळकळीची विनंती आहे. त्यांच्या मुलांचे फोन नंबर घेऊन ठेवा. मीठ-तिखट कमी, भाजी जरा मऊ, एवढी एक सवलत फक्त त्यांना द्या. डबा दाराशी न ठेवता हातात द्यायला यजमानांना सांगा. दोन दिवस डबा तसाच परत आला तर मुलांना फोन करा. एकट्या म्हाताऱ्या माणसाला रोज ठरल्या वेळेला कुणीतरी बघून जातं याची किंमत त्यांच्या परगावच्या लेकरांना कळते. हेच लोक वर्षानुवर्षं डबा सोडत नाहीत.

सुरुवात वीसने नको, आठने करा. साडेपाच तासांऐवजी साडेतीन तास तरी जातीलच, पैसे उरतील थोडेच. पण कुकर किती वेळा लावावा लागतो, आमटी किती सांडते, परतीचे डबे कधी येतात हे आठांत कळतं आणि चुका आठांतच मिटतात. दोन आठवड्यांनी बारा, महिन्याने वीस. पंचवीसच्या पुढे घरच्या ओट्याची आणि तुमच्या मनगटांची हद्द येते. तेव्हा पोळ्यांना एक मदतनीस ठेवा आणि तिचे पैसे भावात धरा. लेकीला पोळ्यांना बसवू नका. दहावीचं वर्ष आहे म्हणून तर नाहीच, पण पुढेही, फुकटच्या हातांवर हिशेब बसवलात की तो हिशेब खोटा असतो. तिला वाटलंच तर वहीतली बेरीज करू द्या. डब्याच्या पैशांचं बँकेतलं खातं वेगळं उघडा, क्यूआर त्याचाच द्या, आणि घरचा किराणा त्यातून आणू नका. दर आठवड्याला ठरलेली रक्कम ‘माझा पगार’ म्हणून त्या खात्यातून तुमच्या खात्यात टाका. घरात पैसे कमी असतील तर ते तुम्ही तुमच्या पगारातून द्याल, पण आधी तो तुमचा होऊ द्या.

सासूबाईंचं राहिलं. त्यांच्या पिढीत अन्नदान करायचं, अन्न विकायचं नाही, असं मनात बसलेलं आहे आणि त्यामागे अन्नाबद्दलचा आदर आहे. वाद घालू नका. मला वाटतं, त्यांना एक भीतीही असावी: घरातलं स्वयंपाकघर परक्यांचं होईल, देवाच्या नैवेद्याला, नातवंडांच्या ताटाला दुय्यम जागा मिळेल. त्यांना शब्द द्या की सकाळी घरच्यांचं आणि नैवेद्याचं आधी वाढलं जाईल, मग डबे भरले जातील, आणि दुपारी एकनंतर ओटा पुन्हा त्यांचा. हा शब्द मोडू नका, घाईच्या दिवशीही नाही. पैसे किती येतात हे त्यांच्यापासून लपवू नका, वही त्यांच्यापुढेच लिहा. त्यांची लोणची-मुरांबे आहेत का, मला माहीत नाही, पण असतील तर डब्यात फोड घालायच्या आधी त्यांना विचारा आणि त्यांच्या बरणीचेही पैसे हिशेबात लावा.

महिना झाला की मला वही पाठवा. मी विशेष बघणार आहे तो वेळेचा रकाना: किती वाजता उठलात, ओटा कधी आवरला. माझे साडेपाच तास कमी पडले असतील आणि तुमचे साडेसहा भरत असतील, तर एकविसावा डबा घेण्याआधी भाव ९० करा.